चढाला नाही, उताराला पाणी जातंय: जुन्या १६१३ चं कूलंट जातंय कुठं?

कोयनाकाठ
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी टाटा १६१३ ट्रक, २००६ चं मॉडेल, कमिन्स ६बीटी इंजिन. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. कराडहून पशुखाद्य नाहीतर साखर भरायची, कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरवायची, येताना जांभ्याचा चिरा. आठवड्याला तीन खेपा.

गेला दीड महिना रेडिएटरमधलं पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, कमी होतंय. एका खेपेला दीड-दोन लिटर. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून बघितला, सकाळी कोरडा. पाण्याच्या पंपाच्या पोटाखालच्या भोकातून थोडी ओल दिसत होती म्हणून पंप बदलला. होजच्या (रबरी पाईपच्या) क्लिपा नव्या टाकल्या. रेडिएटर उतरवून झाळ मारून आणला. ऑइल मोजायची काडी स्वच्छ आहे, रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नाही. तरी पाणी जातंयच.

एक गोष्ट खटकते. थंड इंजिनवर कॅप काढून गाडी चालू केली की पाण्यात बुडबुडे येतात. कॅप लावली तर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज हाताला दगडासारखा लागतो. दोन गॅरेजमध्ये दाखवलं. दोघांचं एकच म्हणणं, हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवा. खर्च पन्नास हजारांच्या घरात आणि गाडी आठ-दहा दिवस उभी. घर याच गाडीवर चालतं. हेडला हात लावायच्या आधी अजून काय बघून घेऊ?

वारणेचा_वाघ
शनिवार, रात्री १०:०५

बुडबुडे आणि टणक होज, दोन्ही असतील तर हेडच. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. उगाच दिवस घालवू नका, गरम होऊन हेड वाकलं तर खर्च दुप्पट.

शिवनेरी_रोडलाईन
शनिवार, रात्री १०:३१

तोवर दोन मुठी हळद टाका रेडिएटरमध्ये. बारीक लिकेज असेल तर धरतं. आमच्याकडं सगळे ड्रायव्हर हेच करतात.

जुना_फिटर
रविवार, सकाळी ६:१५

हळद टाकू नकोस. अडकलेल्या माणसाला रस्त्यावरून गावापर्यंत पोचवायला हळद ठीक, पण ती बारीक भोक बुजवते तशीच रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरमध्ये बसली की निघता निघत नाही. ज्याला रोज घाट उतरायचाय त्यानं हे करू नये.

आता मला सांग.
पाणी तू कुठं मोजतोस? कराडला निघताना आणि परत आल्यावर, की मधे कुठं?
पाणी कमी झालेलं पहिल्यांदा कुठं दिसतं, घाटमाथ्यावर की पायथ्याला?
येताना चिरा भरलेला असतो म्हणतोस, म्हणजे चढाला गाडी लोडमध्ये. तेव्हा किती जातं?
ब्रेकच्या टाक्यांत हवा भरायला किती वेळ लागतो? पूर्वी किती लागायचा?

शेवटचा प्रश्न तुला पाण्याशी संबंध नसलेला वाटेल. तरी उत्तर दे.

स्नेहल_पाटण
रविवार, सकाळी ८:५०

दादा, घाई करू नका एवढंच सांगायला लिहितेय. आमच्या घरच्या गाडीचं हेड दोन वर्षांपूर्वी याच कारणासाठी उतरवलं. लेथवर फेस मारला (तळ सपाट करून घेतला), नवीन पॅकिंग, नवीन बोल्ट. गाडी बाहेर आली आणि चौथ्या दिवशी पाणी परत कमी. मिस्त्री म्हणाले पॅकिंग नीट बसलं नसेल, पुन्हा उघडू. पुन्हा उघडलं. तरी पाणी जातच राहिलं. शेवटी सापडलं ते भलतीकडंच, इंजिन ब्लॉकच्या मागच्या बाजूचा कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकाला बसवलेलं पत्र्याचं बूच) गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. पाणी गरम इंजिनवर पडून तिथंच वाळायचं, खाली थेंब यायचाच नाही. फक्त पांढरा डाग दिसायचा आणि तो कुणी बघितलाच नव्हता. बाबांनी त्या दोन महिन्यांत काय काढलं ते मी बघितलंय. आता हिशोब आणि गाडी दोन्ही मीच बघते, म्हणून कळकळीनं सांगतेय, आधी खात्री करा.

तुमच्या गाडीत केबिनमधलं इंजिनचं झाकण काढून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ब्लॉकची मागची बाजू बघा. पांढरट किंवा हिरवट पापुद्रा दिसतो का?

सातारी_मेकॅनिक
रविवार, दुपारी १२:२०

लायनरचे (सिलिंडरमधल्या वेगळ्या नळकांड्याचे) ओरिंग, म्हणजे रबरी कडी, गेले असतील. जुन्या इंजिनात हे नेहमीचं आहे.

ऑटो_शिक्षक
रविवार, दुपारी १:४५

ओरिंगचा मुद्दा या इंजिनाला लागू होत नाही. ६बीटीला पाण्यात उभे असलेले लायनर नाहीतच, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कापलेले असतात. त्यामुळे लायनरच्या तळाची गळती या यादीतून काढून टाकू.

आता उरलं काय ते बघू. बाहेरच्या बाजूला पंप, होज, रेडिएटर, थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, कोअर प्लग. आतल्या बाजूला हेड पॅकिंग, हेडला तडा, ऑइल कूलर. ऑइल कूलर या इंजिनात ऑइल फिल्टरच्या जवळ, ब्लॉकच्या कुशीत एका झाकणामागं बसतो. तो फुटला तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तेल पाण्यात शिरतं आणि रेडिएटरमध्ये तवंग येतो. इंजिन बंद केलं की दाब उलटतो आणि पाणी तेलात जातं. धागाकर्त्याच्या गाडीत तवंगही नाही आणि काडीही स्वच्छ, म्हणून माझ्या मते ऑइल कूलर संशयातून सुटला.

हेडवर मात्र संशय राहतो. एक स्वस्त चाचणी आहे. निळ्या रंगाचं द्रव असलेली काचेची नळी मिळते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून पाण्यावरची हवा त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग बदलून पिवळट होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरवटच. साधी हवा असेल तर निळा तो निळाच. कराडमध्ये एखाद्या मोठ्या कारच्या गॅरेजमध्ये ही नळी सापडेल.

कोयनाकाठ
रविवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. स्नेहलताई, आरसा घेऊन मागची बाजू बघितली. धूळ आणि जुनं तेल आहे, पापुद्रा नाही. फिटरकाका, तुमच्या प्रश्नांवर आज नीट बसून विचार केला आणि मलाच नवल वाटलं. मी हे आजवर वेगळं करून कधी बघितलंच नव्हतं.

पाणी मी पोफळीला बघतो, घाट उतरल्यावर. कमी झालेलं तिथंच दिसतं. कोयनानगरला चहाला थांबतो तेव्हा कधी फारसा फरक नसतो. येताना चिरा भरून घाट चढतो, दुसऱ्या गिअरवर रांगत, तेव्हा पाणी जवळपास जागेवरच राहतं. गाडीवर एवढा लोड आणि पाणी जात नाही!

हवा पूर्वी तीन-चार मिनिटांत भरायची. आता सात-आठ मिनिटं लागतात. मला वाटलं कुठंतरी पाईपमधून हवा जात असेल, म्हणून मनावर घेतलं नाही.

धाग्याचं नाव बदललंय, नवीन माणसाला लगेच कळावं म्हणून.

जुना_फिटर
सोमवार, सकाळी ५:५०

आता मला निम्मं कळलं, पण तू फक्त आठवणीवर जाऊ नकोस, मोज. दोन लिटरची रिकामी पाण्याची बाटली घे. रेडिएटरच्या कॅपखालून जी ओव्हरफ्लोची नळी खाली सोडलीय तिचं टोक बाटलीत घाल, तारेनं चेसिसला घट्ट बांध. बाटलीच्या झाकणाला वरून एक भोक ठेव, नाहीतर दाब साठेल. गरम भागापासून आणि फिरणाऱ्या बेल्टपासून लांब. बाहेरून पेनानं अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा कर.

मग निघ, पण लोड कमी घेऊन. कोयनानगरला बघ, घाट उतरल्यावर बघ, परत येताना चढल्यावर बघ. तिन्ही आकडे इथं लिही. आणि तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नकोस. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच तो खरं सांगतो. पाणी खाली गेलं आणि सेन्सर हवेत राहिला तर इंजिन भाजत असताना काटा मधेच उभा असतो.

वारणेचा_वाघ
सोमवार, सकाळी ९:३०

काका, बुडबुड्यांचं काय मग? हेड नाही तर पाण्यात हवा येणार कुठून?

जुना_फिटर
सोमवार, सकाळी ९:५५

या गाडीत हवा दाबणारं यंत्र एकच नाही.

कोयनाकाठ
मंगळवार, रात्री १०:२०

आज बाटली बांधून गेलो. अर्धा लोड.

कराड ते कोयनानगर: बाटलीत नावाला ओल.
कोयनानगर ते पोफळी, म्हणजे अख्खा उतार: पावणेदोन लिटर. बाटली जवळपास भरली.
चिपळूणहून चिरा घेऊन परत माथ्यापर्यंत: शून्य. खरोखर शून्य.

पाणी बाहेर पडतंय ते सगळं ओव्हरफ्लोतून. म्हणजे गळती नाहीच म्हणायची, कुणीतरी आतून ढकलतंय.

जुना_फिटर
बुधवार, सकाळी ६:०५

मोजलंस हे फार चांगलं केलंस. आता नीट वाच.

हेड पॅकिंग गेलेलं असतं तर पाणी चढाला गेलं असतं. चढाला डिझेल जास्त, सिलिंडरमधला दाब जास्त, वायू पॅकिंगमधून पाण्यात घुसणार तो तिथं. उताराला पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, इंजिनवर लोड नसतो. तुझं पाणी नेमकं उलट वागतंय. उताराला लोड कुणावर असतो? ब्रेकवर. ब्रेकला हवा कोण देतं? कॉम्प्रेसर.

बऱ्याच गाड्यांत एअर कॉम्प्रेसरचं हेड पाण्यावर थंड होतं. इंजिनमधून एक नळी त्याच्या हेडात जाते, दुसरी परत येते. त्या हेडखालचं पॅकिंग जळलं किंवा हेडला तडा गेला की सात-आठ बारची हवा सरळ इंजिनच्या पाण्यात शिरते. तुझ्या रेडिएटरची कॅप एक बारच्या आसपासच्या दाबाला उघडते. हवा घुसली की कॅप उचलली जाते आणि पाणी ओव्हरफ्लोनं रस्त्यावर. गाडी पळत असते, थेंब कुणाला दिसणार? रात्री उभ्या गाडीखालचा पुठ्ठा कोरडाच राहणार.

चढाला तू ब्रेक मारत नाहीस. टाक्या भरलेल्या असतात, अनलोडर (टाकी भरली की जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा असतो, कॉम्प्रेसर नुसता फिरतो, दाब नाही. म्हणून चढाला शून्य.

आणि हवा भरायला वेळ का लागतो तेही यातच आलं. तुझी अर्धी हवा टाकीत जायच्या ऐवजी पाण्यात जातेय.

चाचणी अशी कर. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, कारण आपण हवा सोडणार आहोत. हवेच्या सगळ्या टाक्यांचे खालचे नळ उघडून हवा पूर्ण सोड. नळातून काय पडतं ते पांढऱ्या डब्यात धर. मग नळ बंद, रेडिएटरची कॅप काढ, पाणी काठोकाठ भर, गाडी सुरू कर, आयडलवरच ठेव. एका माणसाला केबिनमध्ये हवेच्या काट्यावर बसव, तू पाण्याकडं बघ. मफलर, टॉवेल, सैल शर्ट काही अंगावर नको, पंखा जवळ आहे.

बुडबुडे येतील. काटा वर चढत जाईल. शेवटी अनलोडर फुस्स करून हवा सोडेल. त्या क्षणाला बुडबुडे थांबले का, ते बघ. मग आतल्या माणसाला सात-आठ वेळा ब्रेक दाबायला सांग, काटा खाली येईल, कॉम्प्रेसर परत कामाला लागेल. बुडबुडे परत सुरू झाले तर तुझं उत्तर मिळालं. हे सगळं पाणी कोमट व्हायच्या आत उरक. गरम इंजिनची कॅप काढायची नाही. माझ्या डाव्या हाताच्या मनगटावर १९९१ चा डाग आहे तो तसाच पडला.

ऑटो_शिक्षक
बुधवार, सकाळी ११:१५

काका, हे वाचून मी माझी आधीची यादी पुन्हा वाचली. कॉम्प्रेसर त्यात नव्हताच. मी वर्गात शिकवताना इंजिन आणि ब्रेक हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवतो. पाण्याची ती बारीक नळी दोन्ही धड्यांच्या मधे राहून जाते. पुढच्या वर्गात हे सांगणार.

दोन गॅरेजना तेच का दिसलं तेही आता कळतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी, हवा उतरलेली. सकाळी सुरू करून कॅप काढली की कॉम्प्रेसर पहिल्या मिनिटापासून हवा भरायच्या कामाला लागतो, म्हणून बुडबुडे आणि टणक होज. दोन्ही खुणा खऱ्या होत्या.

निळ्या द्रवाची चाचणीही करून घ्या म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजूंनी खात्री होईल.

सातारी_मेकॅनिक
बुधवार, दुपारी २:४०

कॉम्प्रेसरचं हेड सगळ्याच गाड्यांत पाण्यावर नसतं. काही हवेवर थंड होतात, त्यांना बाहेरून पंख्यासारख्या पात्या असतात. कोयनाकाठ, आधी तुमच्या कॉम्प्रेसरला पाण्याच्या दोन नळ्या आहेत का ते बघा. जाड नळी मोजू नका, ती हवेची.

कोयनाकाठ
गुरुवार, सकाळी ८:३०

नळ्या आहेत. दोन, बोटाएवढ्या.

आत्ताच चाचणी केली, हात अजून ओले आहेत. धाकटा भाऊ काट्यावर बसला होता.

टाकीच्या नळातून आधी काळपट तेलकट पाणी आलं, मग हिरवट. हिरवट! मी गेल्या महिन्यात हिरवं कूलंट टाकलं होतं. ब्रेकच्या टाकीत इंजिनचं पाणी बघून पोटात गोळा आला.

गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. साडेसात बारला अनलोडर सुटला आणि बुडबुडे थांबले. एखाद-दुसरा आला, मग पाणी शांत. भावानं ब्रेक दाबले, काटा सहाच्या खाली आला, परत खदखद. तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा तसंच.

व्हिडिओ काढायचं भानच राहिलं नाही, आम्ही दोघं बघतच बसलो.

स्नेहल_पाटण
गुरुवार, सकाळी ९:०५

वाचून बरं वाटलं. आता एकच सांगा, गाडी उभी केलीत ना?

जुना_फिटर
गुरुवार, सकाळी ९:२०

स्नेहल बरोबर विचारतेय. भरलेली गाडी घेऊन आता घाट उतरायचा नाही. खेप सुटली तर सुटू दे. पाणी हवेच्या टाकीत गेलंय म्हणजे पुढं ब्रेक व्हॉल्व्हपर्यंतही गेलं असणार. रबर फुगतं, स्प्रिंग गंजते, व्हॉल्व्ह अडकतो. हवा भरायलाही आठ मिनिटं लागतायत, म्हणजे उताराला लागोपाठ ब्रेक लागले तर टाकी रिकामी होते तेवढ्या वेगानं भरत नाही. पाण्याचं दुखणं पाण्यापुरतं राहिलेलं नाही, ते ब्रेकचं झालंय.

कॉम्प्रेसरचं काम पॅकिंग बदलून संपवू नकोस. पॅकिंग का जळलं ते शोध. हेड उघडल्यावर पाण्याची वाट किती उघडी आहे ते बघ, आणि टाकीकडं जाणारा हवेचा जाड पाईप आतून काजळीनं भरलाय का बघ. पाईप बुजला की हवा जास्त दाबली जाते, जास्त तापते, आणि पॅकिंग परत जळतं.

कोयनाकाठ
गुरुवार, सकाळी ९:४५

उभी केलीय. या आठवड्याच्या दोन खेपा ओळखीच्या गाडीला दिल्या.

निळ्या द्रवाची नळीही मिळाली, एका गॅरेजवाल्यानं ओळखीवर दिली. दोन वेळा ओढली. रंग निळाच राहिला.

कोयनाकाठ
रविवार, संध्याकाळी ७:३०

कॉम्प्रेसर उतरवला. सविस्तर लिहितो, कारण आता मला कळतंय की हा धागा आधी वाचायला मिळाला असता तर माझा पंप आणि रेडिएटरचा खर्च वाचला असता. अर्थात पंप खरंच ओलावत होता, तो बदलायलाच हवा होता.

हेडचे बोल्ट सोडून हेड उचललं. पॅकिंगवर हवा बाहेर जायच्या वाटेच्या आणि पाण्याच्या वाटेच्या मधे एक काळी रेघ जळलेली. तिथून हवा जात होती. हेड काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून पट्टी लावून बघितलं, मधे कागद शिरत होता. लेथवर थोडा फेस मारून घेतला.

पण खरं बघण्यासारखं होतं ते हेडच्या आत. पाण्याची वाट निम्म्याहून जास्त बुजलेली. पांढरा, खडूसारखा थर, स्क्रू ड्रायव्हरनं ठोकला तर खपल्या पडत होत्या. आमच्या गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीत असाच थर बसतो, कारण पाणी बोअरचंच. वडिलांपासून आजवर गाडीत बोअरचंच पाणी. रस्त्यात हापशाचं, हॉटेलच्या नळाचं. कूलंट कधी टाकलं, कधी नाही. वाट बुजली, हेड थंड होईना, पॅकिंग जळलं.

जाड हवेचा पाईप काढला, शेवटच्या वळणात काजळीचा बुच. तो बदलला.

फिटरकाका म्हणाले तसं ब्रेक व्हॉल्व्ह उघडून घेतला. आत हिरवट ओल आणि रबर मऊ पडलेलं. रबराचा पूर्ण किट टाकला. टाक्या तीन वेळा भरून-सोडून साफ केल्या. काम एका ब्रेकच्या कारागिराकडं केलं, तिथं त्यानं मला उभं करून प्रत्येक रबर हातात दिलं आणि दाबून बघायला लावलं. असा माणूस मिळणं भाग्य.

सगळा खर्च नऊ हजारांच्या आत. इंजिनच्या हेडला हात लावला नाही.

वारणेचा_वाघ
रविवार, रात्री ८:१०

माझं चुकलं होतं, मनापासून सांगतो. माझ्या गाडीचं खरंच हेड होतं म्हणून मला तेच दिसलं. आता एक विचारतो, तो बाकीचा थर? इंजिनच्या ब्लॉकमध्येही असाच बसला असणार ना?

ऑटो_शिक्षक
रविवार, रात्री ९:००

नक्कीच बसला असणार. जड पाण्यातले क्षार सर्वात गरम पृष्ठभागावर आधी बसतात, आणि तो थर उष्णता पुढं जाऊ देत नाही. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं धुण्याचं रसायन वापरून पूर्ण यंत्रणा धुवा, थर्मोस्टॅट काढून, पाणी दोन्ही दिशांनी सोडून. ॲसिड ओतू नका, ते पंपाचं ॲल्युमिनियम आणि झाळही खातं. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी अर्धं-अर्धं. कूलंट म्हणजे नुसतं थंडीत गोठू नये म्हणून नव्हे. आपल्याकडं ते गंज थांबवतं, पंपाच्या सीलला वंगण देतं आणि उकळण्याचं तापमान वाढवतं. साधं पाणीसुद्धा कॅपच्या एक बार दाबाखाली १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, म्हणून कॅपही तितकीच महत्त्वाची. जुनी कॅप असेल तर तीही बदला.

एक महत्त्वाचं. काढलेलं कूलंट ओढ्यात किंवा अंगणात सोडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं पितात आणि मरतात. कॅनमध्ये बंद करून ठेवा.

जुना_फिटर
सोमवार, सकाळी ६:००

भरताना हळू भर, कॅप उघडी ठेवून, इंजिन आयडलवर. वरचा होज हातानं दाबत राहा, हवेचे फुगे वर येऊ देत. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसेल, घाबरू नकोस, तेवढं घाल. पहिल्या खेपेला बाटली बांधूनच जा. आणि पहिली खेप रिकामी.

कोयनाकाठ
शुक्रवार, रात्री ९:१५

पहिली खेप रिकामी, दुसरी अर्ध्या लोडची, आज तिसरी पूर्ण लोडची. कोयनानगर ते पोफळी आज पाऊस नव्हता, ट्रक-बसची रांग होती, ब्रेकवर पाय सतत. खाली आल्यावर वाकून बाटली बघितली. कोरडी. बाहेर पेनाच्या खुणा आणि आत मागच्या वेळची धूळ.

हवा तीन मिनिटं वीस सेकंदांत भरली. भावानं घड्याळ लावून मोजली.

काका, पुढच्या महिन्यात कराडला येताय का? आई म्हणतेय, जेवायला यायचंच.

जुना_फिटर
शनिवार, सकाळी ५:४५

येतो. येताना टाकीचा नळ उघडून दाखव मला, कोरडी हवा निघाली पाहिजे.

फोंडा_घाटवाला
शनिवार, सकाळी ११:३०

मी नवीन सदस्य. माझी गाडी वेगळी आहे, चार सिलिंडरची, पण पाणी उतारालाच जातंय आणि हवा भरायला वेळ लागतोय. गेल्या आठवड्यात हेड उतरवायची तारीख ठरवली होती, आज सकाळी हा धागा पूर्ण वाचला आणि मिस्त्रींना फोन करून थांबवलं. कॉम्प्रेसरला पाण्याच्या दोन नळ्या आहेत. दुपारी टाक्या रिकाम्या करून चाचणी घेतो आणि संध्याकाळी इथंच लिहितो.